डीबी नवा, सर्व्हिस वायर जुनीच: दिवे मंदावणे, आरसीसीबी पडणे आणि न्यूट्रल तापणे

लक्षणे

जुन्या घरातला किटकॅट फ्यूजचा (हाताने ओढून काढायच्या जुन्या फ्यूजचा) लाकडी बोर्ड काढून नवा डीबी, म्हणजे घरातली वीज वाटणारी पेटी, बसवला जातो. त्यात एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा, म्हणजे आपोआप बंद होणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की पडणारा स्विच) असतात. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, भिंतीवरचा लोखंडी पाइप, मीटरचा बोर्ड आणि मीटरशेजारचा मेन स्विच मात्र तसाच राहतो. मग पुढच्या काही आठवड्यांत यांपैकी एखादी तक्रार हमखास येते:

- गिझर लावला की ट्यूब मंदावते, पंख्याचा आवाज बदलतो. गिझर बंद केला की सगळे पूर्ववत.
- पहिल्या पावसात किंवा पहाटेच्या गारठ्यात आरसीसीबी पडते. दुपारी ऊन आले की बिनतक्रार टिकते.
- आरसीसीबी एरवी टिकते, पण इस्त्री, गिझर आणि मोटर एकदम चालली की पडते.
- घर पूर्ण अंधारात, पण टेस्टर लावला तर फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (तो परत नेणारी तार) दोन्हीकडे दिवा लागतो.
- एलईडी बल्ब, सेट-टॉप बॉक्स, चार्जर महिन्या-दोन महिन्यांत उडतात.
- मीटरच्या बोर्डाजवळ भुणभुण ऐकू येते किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. तो वास तापलेल्या प्लास्टिकचा किंवा बेकलाइटचा असतो. उंदीर मेला असेल म्हणून तो सोडून देऊ नका.

यात बहुतेक वेळा नव्या डीबीला दोष दिला जातो आणि आरसीसीबी बदलली जाते. दुसरीही पडली की कोणीतरी ती बायपास करून देतो. हे बायपास करणे सगळ्यात घातक आहे. दोष होता तिथेच राहतो आणि माणसाला वाचवणारी एकमेव वस्तू निघून जाते.

खरे कारण साधे आहे. डीबी कितीही चांगला असला तरी करंट येतो जुन्याच तारेतून आणि परत जातो जुन्याच न्यूट्रलमधून. न्यूट्रलचा एखादा जोड सैल असेल तर एमसीबीला ते कळत नाही, कारण करंट जास्त नसतो. आरसीसीबीलाही कळत नाही, कारण जाणारा आणि येणारा करंट सारखाच असतो. सैल न्यूट्रल ओळखणारे काहीही साध्या डीबीत नसते. म्हणून तपासणी मीटरच्या बाजूने सुरू करायची.

ही चिन्हे दिसली तर तपासणी करूच नका

पत्र्याला, सर्व्हिस पाइपला, खिडकीच्या गजाला किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील. सर्व्हिस वायर पत्र्यावर टेकलेली किंवा तुटून लोंबत असेल. खांबावर ठिणग्या दिसत असतील. मीटरच्या पेटीतून धूर किंवा वास येत असेल. किंवा थ्री-फेज घरात काही दिवे झगझगीत आणि काही अगदी मिणमिणते झाले असतील, तर लगेच १९१२ वर फोन करा.

घरातला मेन स्विच हाताशी असेल आणि कोरड्या जागी उभे राहून पोचता येत असेल तरच बंद करा. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. पत्र्यावर किंवा पाइपवर उतरलेला करंट बहुधा मीटरच्या आधीचा असतो. तुमचा मेन स्विच बंद केल्याने तो जात नाही. तिथपासून पोरांना आणि गुरांना लांब ठेवा आणि लाइन खांबावरून बंद करून घ्या.

थ्री-फेज घरात दिवे असे कमी-जास्त होणे म्हणजे न्यूट्रल तुटल्याची खूण. न्यूट्रल गेली की दोन फेजवरची उपकरणे एकापुढे एक जोडल्यासारखी ४०० व्होल्टवर येतात. ज्या फेजवर लोड कमी, तिथले व्होल्टेज ३०० च्या पुढेही जाते. फ्रीज-टीव्ही जळायला काही मिनिटे पुरतात.

कपडे वाळत घालायची लोखंडी तार सर्व्हिस पाइपला किंवा सर्व्हिस वायरच्या टेकूला बांधलेली असेल तर वायरमनकडून तपासून घेऊन ती काढून टाका आणि नायलॉनची दोरी दुसरीकडे बांधा. ओले कपडे, लोखंडी तार आणि घासलेली सर्व्हिस वायर या जोडीने आजवर पुष्कळ जीव घेतले आहेत.

१. शेजारी विचारा

याला पैसा लागत नाही आणि निम्मे काम इथेच होते. त्याच खांबावरून लाइन घेतलेल्या दोन-तीन घरांत विचारा: तुमच्याकडेही दिवे कमी-जास्त होतात का? बल्ब उडतात का? होत असेल तर दोष खांबावरच्या जंपरमध्ये (तारा जोडणाऱ्या तुकड्यात), लाइनच्या न्यूट्रलमध्ये किंवा डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आहे. तुमचा डीबी उघडायचे कारणच नाही. फक्त तुमच्याकडे होत असेल तर दोष तुमच्या सर्व्हिस वायरच्या खांबाकडच्या टोकापासून घराच्या आतपर्यंत कुठेतरी आहे.

वेळही विचारा. रोज संध्याकाळी सात ते दहा सगळ्यांचेच दिवे मंद होत असतील तर तो डीपीवरचा लोड आहे, सैल जोड नव्हे.

२. जमिनीवरूनच वर बघा

मोबाइलचा कॅमेरा झूम करून खांबापासून मीटरपर्यंत सर्व्हिस वायरचे फोटो काढा. शिडी नको, बांबूने फांदी बाजूला करणे तर नकोच. ओला बांबू करंट वाहतो.

काय बघायचे? सर्व्हिस वायरचा भार बेअरर तारेवर, म्हणजे तिला आधार देणाऱ्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेवर, असायला हवा. ती गंजून तुटली असेल तर सगळा ताण ॲल्युमिनियमच्या वायरवर येतो आणि वारा सुटला की खांबावरचा जोड हलत राहतो. वारा आला की दिवे फडफडतात, हे त्याचे लक्षण. फांदी, पत्र्याची कड किंवा कौलांची वळचण कुठे घासते आहे का, तेही बघा. इन्सुलेशन आधी काळे चकाकते, मग पांढरट होऊन तडकते.

पाइपच्या वरच्या टोकाला बाक खाली वळलेला हवा आणि आत शिरण्यापूर्वी वायरचा एक झोळ खाली लोंबता हवा. पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन गळून पडते. झोळ नसेल तर पाणी वायरवरून सरळ पाइपात उतरते आणि मीटरच्या मागे भिंत भिजवते. कोकणात पहिल्या पावसाच्या तक्रारींत हे कारण इतके सापडते की आरसीसीबीकडे वळण्याआधी मीटरमागची भिंत हाताच्या उलट्या बाजूने नव्हे, डोळ्यांनी बघा: ओल, बुरशी, गंजाचा ओघळ. पाइपात गांधीलमाश्यांचे पोळे असेल तर तेही पाणी अडवते.

३. मीटरचा डिस्प्ले वाचा

आजकालच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरवर युनिटखेरीज व्होल्टेजही आलटून पालटून दिसते. काहींना त्यासाठी बटण असते. हे फुकटचे मोजमाप आहे आणि यासाठी काहीही उघडावे लागत नाही.

घरातले सगळे बंद करून मीटरवरचे व्होल्टेज लिहून ठेवा. मग २ किलोवॉटचा गिझर लावा, दहा मिनिटे चालू द्या आणि पुन्हा वाचा. दहा मिनिटे यासाठी की सैल जोड तापला की आणखी बिघडतो. पहिल्या मिनिटाला तो फसवतो.

व्होल्टेज किती उतरणे चालते, याचा हिशेब असा. जुनी सर्व्हिस वायर बहुधा ४ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची असते. तिचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. खांब ते मीटर २५ मीटर धरले तर जाऊन-येऊन ५० मीटर, म्हणजे ०.३७ ओहम. गिझर ८.७ अँपिअर ओढतो, म्हणजे वायरमध्ये सव्वातीन व्होल्ट उतरतात. लाइनमध्ये आणखी दोन-तीन धरा. पाच-सहा व्होल्टची घट हा वायरचा स्वभाव आहे. एका गिझरला १५, २०, २५ व्होल्ट उतरत असतील तर मध्ये कुठेतरी जोड तापतो आहे.

आता निष्कर्ष. घरात ट्यूब मंदावते आणि मीटरवरचे व्होल्टेजही तितकेच पडते: दोष मीटरच्या अलीकडे, म्हणजे खांबाच्या बाजूला. ते काम महावितरणचे. मीटरवर व्होल्टेज जवळपास स्थिर, पण घरात मात्र पडते: दोष मीटरच्या आउटगोइंगपासून डीबीपर्यंत. हा भाग तुमचा आणि तुमच्या इलेक्ट्रिशियनचा. कोणाला बोलवायचे हे इथेच ठरते. उगाच दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायला नको.

काही मीटरवर अर्थ-लोडचा लाल दिवा किंवा खूण असते. ती लागलेली असेल तर फेजमधून गेलेला सगळा करंट न्यूट्रलमधून परत येत नाही, काही भाग जमिनीतून जातो. असे मीटर दोहोंपैकी जास्त असलेला करंट मोजते आणि ही नोंद त्याच्या स्मृतीत राहते. घरात कुठे अर्थिंगचाच न्यूट्रल म्हणून वापर झाला असेल तर तो इथे उघडा पडतो.

४. आरसीसीबी पडत असेल तर: एकेक सर्किट वेगळे करा

सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा. टिकली तर एकेक एमसीबी वर करत जा. ज्या एमसीबीला पडते त्या सर्किटवरची सगळी उपकरणे प्लगमधून काढून पुन्हा बघा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण बटण फक्त फेज तोडते. गिझरचे एलिमेंट, जुनी इस्त्री, पाण्याची मोटर आणि अंगणातला दिवा, या क्रमाने संशय घ्या.

सगळ्या एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडते, तेव्हा लोक गोंधळतात. कारण असे की सिंगल-पोल एमसीबी फक्त फेज तोडते. सगळ्या सर्किटच्या न्यूट्रल न्यूट्रल-बारला (त्या एकत्र जोडणाऱ्या धातूच्या पट्टीला) जोडलेल्याच राहतात. एखादी न्यूट्रल भिंतीत ओलीला किंवा अर्थच्या तारेला टेकली असेल तर एमसीबी बंद असूनही आरसीसीबी पडते.

दोन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारी इथेच एकत्र येतात. समजा, एका खोलीत ओलीमुळे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ५०० ओहमचा मार्ग तयार झाला आहे. सर्व्हिसची न्यूट्रल घट्ट असेल तेव्हा न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज एक-दोन व्होल्टच असते. त्या मार्गाने जेमतेम ४ मिलिअँपिअर वाहतात. आरसीसीबी शांत. तीच न्यूट्रल सैल झाली, गिझर लागला आणि न्यूट्रल २० व्होल्टवर उचलली गेली, की ४० मिलिअँपिअर वाहतात आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पडते. म्हणजे आरसीसीबी बरोबर आहे, खोलीतली ओलही खरी आहे, पण ते दोन्ही उघडे पाडले ते खांबाकडच्या सैल जोडाने. जुन्या किटकॅट बोर्डावर हे दोन्ही दोष होतेच, दाखवणारे कोणी नव्हते.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकते. कॉम्प्युटर, इन्व्हर्टर, एलईडीचे ड्रायव्हर, वॉशिंग मशिन यांची प्रत्येकाची थोडी थोडी गळती मिळून पाच-सात मिलिअँपिअर सहज होते. मोठ्या घरात सगळे सर्किट एकाच आरसीसीबीवर घातले तर ती कातावणारच. दोन घ्या. आणि दोन घेतल्या की न्यूट्रल-बारही दोन हव्यात. एका आरसीसीबीचा फेज आणि दुसरीची न्यूट्रल असे झाले की पहिला दिवा लावताच दोन्ही पडतात. इन्व्हर्टरची न्यूट्रल चुकीच्या बारला दिली की असेच होते, म्हणून "लाइट गेल्यावर किंवा आल्यावर पडते" अशी तक्रार असेल तर आधी इन्व्हर्टरची जोडणी तपासा.

५. मल्टिमीटरने तीन आकडे

कॅट-३, ६०० व्होल्ट असे लिहिलेला मल्टिमीटर हवा. आरसीसीबी चालू, पायांत चपला, हात कोरडे. गिझरच्या सर्किटवर नसलेल्या सॉकेटमध्ये मोजा, नाहीतर गिझरच्या स्वतःच्या वायरमधली घट त्यात मिसळते. सॉकेटकडे तोंड केले की वरचे मोठे भोक अर्थचे, उजवे फेजचे, डावे न्यूट्रलचे. जुन्या घरात उजवे-डावे उलटेही असते.

आधी लोडशिवाय, मग गिझर दहा मिनिटे चालवून, असे दोनदा मोजा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ.

उदाहरणार्थ, लोडशिवाय फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ २३१, न्यूट्रल-अर्थ १. गिझर लावल्यावर २०८, २३०, २२. फेज-अर्थ जागचे हलले नाही आणि न्यूट्रल २२ व्होल्ट वर आली: दोष न्यूट्रलमध्ये. आकडे २०८, २१०, २ असे आले असते तर न्यूट्रल ठीक आहे आणि दोष फेजच्या वाटेवर, म्हणजे जुना फ्यूज, मेन स्विच किंवा फेजचा जंपर.

फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ यांची बेरीज फेज-अर्थच्या जवळपास यायला हवी. येत नसेल किंवा फेज-अर्थ ७०, १२० असे काहीतरी विचित्र दिसत असेल तर घराचे अर्थिंगच तुटलेले आहे आणि आधी तेच करावे लागेल.

त्या २२ व्होल्टकडे नुसता आकडा म्हणून बघू नका. व्होल्टेज पडल्याने गिझर आता पावणेआठ-आठ अँपिअर ओढतो आहे. २२ गुणिले ७.९ म्हणजे एका जोडात पावणेदोनशे वॉट उष्णता. रेडिओ दुरुस्तीचे सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते. अशी सात आयर्न एका स्क्रूखाली, लाकडी बोर्डावर, टेपमध्ये गुंडाळून ठेवल्यासारखे आहे.

६. जुना मेन स्विच आणि किटकॅट

मीटर आणि नवा डीबी यांच्यामधली ही जुनी वस्तू सगळ्यात जास्त वेळा दोषी निघते. पूर्वी फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर किटकॅट लावायची पद्धत होती. डीबी बदलणारा घाईत ती जोडी तशीच सोडतो. न्यूट्रलवरचा फ्यूज वितळला की घर अंधारात जाते, पण प्रत्येक पॉइंटवर फेज जिवंत असतो. टेस्टर दोन्हीकडे लागतो तो यामुळे: फेज बल्बमधून फिरून न्यूट्रलच्या तारेवर येऊन थांबलेला असतो. "लाइट नाहीये" म्हणून कोणी सॉकेट उघडले तर शॉक ठरलेला.

न्यूट्रलवर फ्यूज असता कामा नये. एक तर सरळ लिंक (फ्यूजऐवजी धातूची पट्टी), नाहीतर फेजबरोबरच तुटणारी डबल-पोल एमसीबी.

तपासणी इन्फ्रारेड थर्मामीटरने करा, अंतरावरून. गिझर अर्धा तास चालल्यावर फेजची बाजू ३८ आणि न्यूट्रलची ७० अंश दिसली तर शंका उरत नाही. इलेक्ट्रिशियन किटकॅट बाहेर काढील तेव्हा तिच्या पितळी पाकळ्या बघा. चांगली पाकळी पिवळी असते आणि बोटाने दाबली तर उसळते. तापलेली जांभळट-काळी होते, दाबली की दबूनच राहते. तिच्यातले स्प्रिंगचे बळ गेलेले असते. घासून चमकावली तरी परत येत नाही. ती फेकायचीच.

७. डीबीतले स्क्रू

इथे एक धोका लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डीबीतला मोठा आयसोलेटर (अख्खा डीबी बंद करणारा स्विच) बंद केला तरी त्याच्या वरच्या दोन टर्मिनलमध्ये पूर्ण व्होल्टेज असते. डीबी सुरक्षित उघडायचा तर त्याच्या आधी, मीटरशेजारी, वेगळा मेन स्विच हवा. तो बंद करून, मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही शून्य बघून मगच हात घालायचा. असा मेन स्विच नसेल, तो गंजला असेल किंवा बंद करूनही एका बाजूला व्होल्टेज उरत असेल, तर घरच्या माणसाने इथे थांबावे. वीजकामाची सवय नसलेल्याने तर ही पायरी करूच नये.

इलेक्ट्रिशियनने काय बघावे: स्क्रूखाली तांबे आहे की प्लास्टिकचे आवरण दबले आहे, टर्मिनलमध्ये बसत नाही म्हणून काही तारा कापून टाकल्या आहेत का, एका भोकात दोन वेगळ्या जाडीच्या तारा कोंबल्या आहेत का (जाड तार स्क्रू अडवते, बारीक सैल राहते), न्यूट्रल-बारचा प्रत्येक स्क्रू बसला आहे का. एमसीबीच्या टर्मिनलचा टॉर्क (स्क्रू कसण्याचा जोर) कंपनी छापते, बहुधा २ न्यूटन-मीटरच्या आसपास. कसल्यावर प्रत्येक तार ओढून बघायची. डीबीत पाल मरून पडलेली असणे हेही काही नवलाचे नाही; न वापरलेली भोके बंद करून घ्या.

८. ॲल्युमिनियम-तांब्याचा जोड

मीटरनंतर जुनी ॲल्युमिनियमची वायर थोडी राहिली आणि तिला नवी तांब्याची पिळून टेप मारली, हा या सगळ्या प्रकरणातला मूळ पुरुष. असा जोड उघडला की ओळखायला वेळ लागत नाही: टेप विरघळून डिंकासारखी चिकटलेली, तांबे काळपट, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि पीळ बोटाने हलतो.

ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर येतो आणि तो थर वीज वाहत नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त पसरते आणि दाबाखाली हळूहळू चेपले जाते. रोज सकाळी गिझर, रोज तापणे-निवणे. स्क्रू कोणी न फिरवताच सैल होतो. त्यात ओल शिरली की दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो. समुद्राकाठी तर दोन पावसाळेही निघत नाहीत.

उपाय एकच: मीटरपासून डीबीपर्यंत तांब्याची अखंड वायर, मध्ये जोड नाही. टाळताच येत नसेल तर बायमेटॅलिक (दोन्ही धातूंसाठी बनवलेला) लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, किंवा कनेक्टर, ॲल्युमिनियम ब्रशने घासून लगेच जॉइंटिंग कंपाउंड लावून, योग्य मापाच्या क्रिम्पिंग पकडीने दाबलेला. साध्या पकडीने चेपलेला लग नको.

हाच जोड मीटरच्या आधी, कट-आउटमध्ये (मीटरआधीच्या फ्यूजमध्ये) किंवा मीटरच्या झाकणाखाली असेल तर हात लावू नका. ते सील महावितरणचे आहे. वीज कायदा २००३ मध्ये मीटरशी छेडछाड हा गुन्हा आहे. "फक्त स्क्रू कसला" हे सांगून पटत नाही आणि तिथे करंट तोडायला वर फक्त खांबच असतो.

९. अर्थिंग

गावातल्या लाइनवर अर्थिंग तुमचे तुम्हालाच करावे लागते. ४० मिलिमीटरचा, अडीच मीटर लांब जीआय पाइप, कोळसा-मीठ, वर पाणी घालायची जागा आणि तिथून डीबीपर्यंत अखंड तार. जांभ्या दगडात उन्हाळ्यात रोध बराच वाढतो. दोन पाइप किमान पाच मीटर अंतरावर घालून जोडणे हा तिथला रस्ता.

अर्थिंग चांगले असले तरी आरसीसीबी का लागते ते पाहा. रोध १० ओहम असेल आणि गिझरच्या अंगावर फेज आला तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर वाहतील. ३२ ची एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि गिझर जिवंत राहील. आरसीसीबी मात्र क्षणात पडते.

अमेरिकेतले पॅनेल बदलण्याचे व्हिडिओ बघून काही जण डीबीत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडतात. तिथे मुख्य पॅनेलमध्ये तसा जोड देण्याचा नियमच आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे न्यूट्रल डीपीवर अर्थ केलेली असते. घरात तो जोड दिला आणि खांबावरची न्यूट्रल तुटली, तर घराचा करंट अर्थच्या तारेतून जाऊ पाहतो आणि फ्रीज, गिझर, मोटरचे बॉडी सगळे जिवंत होतात. असा जोड सापडला तर आधी तो काढा.

१०. शेवटी मेगर आणि वायरिंग

इथवर काही सापडले नाही तर भिंतीतल्या वायरिंगचे इन्सुलेशन गेले आहे. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र), सगळी उपकरणे काढून, प्रत्येक सर्किटची न्यूट्रल बारमधून सोडवून. एका मेगाओहमच्या खाली असेल ते सर्किट बदलायचे. लाकडी पट्टीवरची जुनी रबर-कापडाची वायर असेल तर मोजत बसू नका, बदला. वाकवली की तिचे आवरण चुरा होऊन पडते.

लोडचा प्रश्न वेगळा

कधी कधी एकही जोड सैल नसतो. वीज बिलावर मंजूर भार १ किलोवॉट आणि घरात २ किलोवॉटचा गिझर, दीड टनाचा एसी, इंडक्शन शेगडी. तिन्ही चालली की २५ अँपिअर, म्हणजे ४ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची जवळपास सगळी ताकद. जुना १५ अँपिअरचा फ्यूज उडून सांगायचा तरी. नव्या डीबीत ४० ची मेन एमसीबी बसवली की वायर मुकाट्याने तापत राहते. मेन एमसीबीचे रेटिंग सगळ्यात कमजोर तारेवरून ठरते, डीबीच्या खोक्यावरून नव्हे. वाढीव भारासाठी अर्ज करा आणि सर्व्हिस वायर १० चौरस मिलिमीटरची मागा. तिचा रोध किलोमीटरला साधारण ३.१ ओहम, म्हणजे घट निम्म्याहून कमी.

कोणाला काय सांगायचे

महावितरणला "लाइट कमी-जास्त होते" एवढेच सांगितले तर माणूस येऊन फ्यूज बघून जातो. असे सांगा: "मीटरच्या डिस्प्लेवर लोडशिवाय २३२ आणि गिझर लावल्यावर २०८ व्होल्ट दिसतात. शेजारी तक्रार नाही. सर्व्हिसची न्यूट्रल खांबावर किंवा कट-आउटमध्ये सैल आहे, जंपर तपासा." तक्रार क्रमांक घ्या, डिस्प्लेचे दोन्ही फोटो जवळ ठेवा.

मीटरनंतरच्या कामाला परवानाधारक विद्युत ठेकेदार बोलवा आणि काम झाल्यावर टेस्ट रिपोर्ट मागा. सामान साधारण इतके लागते: मीटरशेजारी पेटीसह एक डबल-पोल एमसीबी, मंजूर भाराप्रमाणे, पण सगळ्यात कमजोर तारेला झेपेल इतक्याच अँपिअरची, मीटर ते डीबी ६ किंवा १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या दोन सारख्या तारा (न्यूट्रल बारीक घ्यायची नाही), योग्य मापाचे लग, हिरवी अर्थची तार, ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरच्या दोन आरसीसीबी. खांबावरची लाइन जुनी असेल तर डीबीत ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर जरूर घाला. न्यूट्रल गेली तर घर वाचवणारी तीच एक वस्तू आहे.

काम झाले की तेच तीन आकडे, लोडशिवाय आणि गिझरवर, पुन्हा मोजा आणि तारखेसह डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. महिन्याने एकदा, मग दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी, पुन्हा मोजायचे. आरसीसीबीचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचे. न्यूट्रल-अर्थचा आकडा गेल्या वेळच्या दुपटीवर गेलेला दिसला, तर दिवे मंदावायची वाट न बघता फोन लावा.